चांदणीच्या मागे

मोडीत निघालेल्या ट्रकांचे रसग्रहण कसले करावयाचे, असा आमच्या स्नेह्यांचा आक्षेप असतो. रायपूरला टाटीबंधच्या बाजूस नाक पुढे काढून उभे असलेले जुने ट्रक दिसले, की आमची पावले मात्र अडखळतात.

१९५४ साली जमशेदपूरला टाटांनी डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधावयास घेतले. १९६९ मध्ये करार संपला आणि दर्शनी जाळीवरील तीन टोकांच्या चांदणीच्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. जाणकार म्हणविणारे एवढ्यावरून ट्रकाचे वय ठरवितात व तेथेच थांबतात. आमच्या मते खरी कलाकृती चांदणीच्या मागे सुरू होते. कारखान्यातून बहुधा यावयाची ती नुसती चासी; तिच्यावर हौदा चढवावयाचा तो गावोगावच्या सुतार-लोहारांनी. मुख एका साच्याचे, अंग प्रत्येकाचे निराळे! एका हौद्याची तिसरी फळी परक्या लाकडाची आहे. कुठल्याशा मुक्कामी ती घाईने बसविलेली दिसते. पण सांधा सच्चा आहे. त्या फळीपुढे कपाळपट्टीवरचे मोर आम्हांला फिके वाटले.

म्हणूनच अशा ट्रकांना ‘मूळ’ रूप देण्याचा हव्यास आम्हांस पटत नाही. कारखान्यातले मूळ अर्धेच होते. हौदा फेकून बॉनेट तेवढे चकाकविणे, म्हणजे ध्रुवपद राखून अभंगाचे चरण गाळणे होय.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. निर्लेखनाचे असले कागद आमच्याच मेजावर येतात. त्यांत चासीच्या क्रमांकाला रकाना असतो. हौदा कोणी बांधला, हे लिहावयास जागा नसते.