कृतज्ञतेचें गीत

देवाचे आभार मानणारी कविता लिहिणें हें दिसतें तितकें सोपें काम नव्हे. देवाशीं भांडणाऱ्या भक्ताच्या वाणीला आपोआप धार चढते. विरहाच्या व्याकुळतेंत तर काव्य उपजतच असतें. पण मागितलें तें मिळालें, आतां केवळ आभार मानावयाचे, असा प्रसंग आला कीं पुष्कळ कवींची वाणी दरबारी भाटासारखी होते. विशेषणांची रास पडते आणि अंतःकरण कोरडें राहतें. म्हणूनच या प्रकारांतील एखादें गीत अडीचशें वर्षें लोकांच्या ओठांवर टिकून राहिलें, तर तें कां टिकलें याचा विचार रसिक वाचकांस निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आम्हांस आशा आहे.

हें गीत म्हणजे जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकाचें ‘अमेझिंग ग्रेस’ होय. ओल्नी नांवाच्या लहानशा गांवीं, लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब मंडळींसमोर, १७७३ च्या पहिल्या जानेवारीच्या उपासनेसाठीं तें रचलें गेलें. पुढें १७७९ मध्यें न्यूटन व त्याचा मित्र कवि विल्यम कौपर यांच्या ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहांत तें छापलें. आज सर्वांच्या परिचयाची असलेली त्याची चाल मात्र न्यूटनच्या हयातींतील नव्हे. ती १८३५ मध्यें अमेरिकेंत या शब्दांस जोडली गेली.

प्रथम गीताच्या घडणीकडे पाहूं. जुन्या करारांतील ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायांत दावीद राजा देवासमोर बसून, एवढें देणें मिळावें अशी आपली योग्यता ती काय, असें विस्मयानें विचारतो. त्या दिवशींच्या प्रवचनाचा विषय हाच होता, आणि गीताची मांडणीहि त्याच क्रमानें जाते: काय होतों, कसें तरलों, पुढें कोणाच्या भरंवशावर जावयाचें. नववर्षाच्या सकाळीं मागें आणि पुढें पाहणाऱ्या माणसाची ही स्वाभाविक दृष्टि आहे. शब्द बहुतेक एकदोन अवयवांचे. अलंकार जवळजवळ नाहींत. काव्यगुणांत कौपर त्याच्याहून निःसंशय श्रेष्ठ होता; पण कौपरला न साधलेली एक गोष्ट येथें साधली आहे. ती म्हणजे गाणाऱ्या प्रत्येकाला हें आपलेंच चरित्र वाटतें.

येथवर स्तुतीचा भाग झाला. आतां आक्षेपाकडे वळूं. तो घेतल्यावांचून हें परीक्षण प्रामाणिक होणार नाहीं. न्यूटन हा आधीं गुलामांच्या व्यापारांतील खलाशी होता. १७४८ च्या मार्चमध्यें अटलांटिक महासागरांत त्याचें जहाज वादळांत सांपडलें. त्या रात्रीं त्यानें देवाचा धांवा केला, आणि सुटकेचा तो दिवस तो जन्मभर पाळीत राहिला. लोकांची समजूत अशी कीं, त्याच क्षणीं त्यानें तो धंदा सोडला. वस्तुस्थिति निराळी आहे. त्यानंतर तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला, आणि १७५४ मध्यें धंदा सोडला तोहि प्रकृति बिघडल्यामुळें. रविवारीं जहाजावर तो खलाशांसह उपासना करी. वर आभाराची प्रार्थना आणि खालीं, जहाजाच्या तळांत, सांखळदंडांनीं जखडलेलीं मनुष्यें! धर्मशास्त्रांत ज्याला उद्धार म्हणतात त्या शब्दाचा मूळ अर्थच मोल देऊन बंदिवानास सोडविणें असा आहे. माणसांचें मोल ज्यानें स्वतः मोजलें त्याला हा अर्थ कसा बोंचला नाहीं, असा प्रश्न वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

मग हें गीत दांभिक म्हणावयाचें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पण त्यांत एक उणीव आहे, आणि ती झांकणें बरें नव्हे. गीतांत कवि आहे आणि देव आहे. तिसरें कोणी नाहीं. ज्यांच्यावर अन्याय झाला तीं माणसें त्यांत कोठेंच दिसत नाहींत. अशा कृतज्ञतेची परीक्षा ख्रिस्तानेंच एका दृष्टांतांत सांगून ठेविली आहे. एका चाकराचें अफाट कर्ज राजानें माफ केलें. तोच चाकर बाहेर पडतांच चार नाण्यांसाठीं सोबत्याचा गळा धरतो. राजाची कृपा त्याला मिळाली होती, पण पचली नव्हती. न्यूटनला ती पचावयास चाळीस वर्षें लागलीं. १७८८ मध्यें त्यानें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापाराविषयीं पुस्तिका लिहून आपला वांटा उघडपणें कबूल केला, पुढें पार्लमेंटच्या चौकशींत साक्ष दिली, आणि विल्बरफोर्सला त्याच्या लढ्यांत बळ दिलें. १८०७ मध्यें तो व्यापार बंद करणारा कायदा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला. आमच्या मतें हें गीत १७७३ मध्यें पुरें झालें नाहीं. त्याचें शेवटचें कडवें म्हणजे ती गद्य पुस्तिका होय.

आपल्याकडे या विचाराला ऋणाची परिभाषा परिचित आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हीं फेडतां येतात, असें शास्त्र सांगतें. ख्रिस्ती कृपा न फिटणारी आहे. पण संतांनाहि उतराई होण्याची अशक्यता ठाऊक होती. म्हणूनच तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) म्हणत, तेव्हां त्यांत नुसतें सौजन्य नव्हतें. त्यांच्या अभंगांतील आभार कर्जदाराचे नाहींत. ते आईच्या कुशींतील लेंकराचे आहेत. ख्रिस्ताला ते मायमाउली म्हणून हांक मारतात. न्यूटनच्या गीतांतील एकटेपणा तेथें नाहीं, कारण त्या माउलीच्या घरीं इतर लेंकरेंहि आहेत. आणि टिळकांच्या घरीं तीं खरोखरच होतीं: बालकवि ठोंबरे अहमदनगरास त्यांच्याच छायेंत राहिले, आणि लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ तर त्या सदैव गजबजलेल्या घराची साक्षच होत.

कलेच्या दृष्टीनें टिळकांचा अभंग अधिक गोड. अनुभवाच्या दृष्टीनें न्यूटनचें गीत अधिक भेदक. पण दोहोंवरून निष्कर्ष एकच निघतो. आभाराची कविता खरी कीं खोटी हें तिच्या शब्दांवरून ठरत नाहीं. आभार मानून उठलेला माणूस दाराबाहेर उभ्या असलेल्या सोबत्याशीं कसा वागतो, यावरून तें ठरतें. आपल्या घरांत रोज सायंकाळीं देवापुढें हात जोडले जातात. ते हात सोडल्यावर काय करतात, एवढें जरी या परीक्षणानें वाचकांस पाहावेसें वाटलें, तरी तें लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.