लायगोचा खुला डेटा: विद्यार्थ्यांना खरंच किती उपयोगी?

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. मुखेड किंवा लातूरला एमएस्सी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना साहजिकच वाटतं, तिथं आपल्याला काही करता येईल का?

त्यासाठी वेधशाळेची वाट बघायची गरज नाही. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांचा डेटा 'ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर'च्या साइटवर फुकट मिळतो. सोबत पायथनमधले धडेही आहेत. आज त्या धड्यांबद्दलच बोलू. ते चांगले आहेत, पण संशोधनाची तयारी म्हणून अपुरे आहेत.

आधी चांगली बाजू. १४ सप्टेंबर २०१५चा पहिला सिग्नल घ्या. त्याचा ३२ सेकंदांचा डेटा, सेकंदाला ४०९६ नोंदी, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. साधारण एक एमबी! कोड ब्राउझरमध्येच चालतो, महागडा लॅपटॉप लागत नाही. नोबेल मिळालेल्या शोधाचा डेटा असा कुणालाही देणं ही छोटी गोष्ट नाही.

आता अडचण. सिग्नल नॉइजमध्ये बुडालेला असतो. तो शोधायला 'मॅच्ड फिल्टरिंग' वापरतात: सिग्नल कसा दिसेल याचं टेम्प्लेट आधी गणिताने बनवायचं आणि ते डेटावर सरकवत कुठं जुळतं ते बघायचं. पण कृष्णविवरांची वस्तुमानं आधी माहीत नसतात. मग किती टेम्प्लेट्स घ्यायची, किती अंतरानं? या प्रश्नावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१च्या सुमारास, म्हणजे पहिला सिग्नल सापडण्याच्या चोवीसेक वर्षं आधी, पायाभूत काम केलं.

सुरुवातीच्या धड्यात मात्र वस्तुमान आधीच लिहून दिलेलं असतं: ३६ सौर वस्तुमानं. तुम्ही बटण दाबता, आलेखात उंच टोक दिसतं, आनंद होतो. पण उत्तर माहीत असताना उत्तर सापडलं, यात तुम्ही काय शोधलं? प्रॅक्टिकलच्या वहीत 'जी' ९.८ यावा म्हणून रीडिंग जुळवण्यासारखंच आहे हे.

खुल्या डेटाचा खरा उपयोग २०१७मध्ये दिसला. कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या एका गटाने हाच डेटा घेऊन आक्षेप घेतला. दोन्ही वेधशाळांत सिग्नल सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने आला होता. टेम्प्लेट वजा केल्यावर उरलेल्या नॉइजमध्येही तेवढ्याच फरकाचं साम्य दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नॉइज तर दोन्हीकडे स्वतंत्र हवा! पुढे इतर संशोधकांनी तपासलं. मूळ पेपरमधल्या आकृतीतलं टेम्प्लेट फक्त दाखवण्यापुरतं होतं. नीट जुळणारं टेम्प्लेट वजा केल्यावर तसं साम्य उरलं नाही. शोध टिकला. पण आकृतीखाली हे पुरेसं स्पष्ट लिहिलं असतं तर एवढा गोंधळ झाला नसता, हेही खरं. डेटा बंद असता तर ना आक्षेप तपासता आला असता, ना त्याचं उत्तर.

म्हणून धडा चालवून झाला की तिथंच थांबू नका. तीन गोष्टी करून बघा. वस्तुमान ३६ऐवजी २० किंवा ६० टाका. टोक किती खाली येतं? सिग्नल नसलेला डेटा घेऊन तेच टेम्प्लेट चालवा. नॉइजमधूनच किती उंच टोकं येतात? मग एका वेधशाळेचा डेटा दुसऱ्याच्या तुलनेत थोडा सरकवा आणि निव्वळ योगायोगाने दोन्हीकडे एकदम टोक किती वेळा येतं ते मोजा. जेमतेम १६ दिवसांच्या डेटावरून 'असा योगायोग सरासरी २,०३,००० वर्षांत एकदापेक्षाही कमी वेळा होईल' असं पेपरात कसं म्हणता आलं, ते या तिसऱ्या प्रयोगातून कळतं. प्रकाशाला एका वेधशाळेतून दुसरीकडे जायला १० मिलिसेकंद लागतात, त्याहून जास्त सरकवायचं, एवढं लक्षात ठेवा. का, ते स्वतः शोधा.

जानेवारी २०२५मध्ये सापडलेला सिग्नल पहिल्यापेक्षा साधारण तिप्पट स्पष्ट आहे. हॉकिंगचा क्षेत्रफळाचा सिद्धांत त्यावर तपासला गेला. पहिल्याशी झुंजून झालं की त्याच्याकडे वळा.

धड्यांना माझ्याकडून दहापैकी सात. उरलेले तीन मार्क तुमच्या प्रश्नांचे आहेत. पीएचडीच्या मुलाखतीत 'कोड चालवला' म्हणालात तर कुणी फारसं विचारणार नाही. 'टेम्प्लेट बदललं तेव्हा असं झालं' म्हणालात, तर चर्चा तिथून सुरू होते.