‘यशस्वी पुनर्वसन’ म्हणजे नक्की काय?

एक पाय कापलेला आणि वर अर्धांगवायू. अशा रुग्णांवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर निष्कर्षावर उडी मारण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, बाजू. लुळी बाजू आणि कापलेला पाय एकाच बाजूला असेल, तर दुसरा पाय तरी धड राहतो. विरुद्ध बाजूंना असतील, तर भार घ्यायला भरवशाचा पायच उरत नाही. रुग्ण थोडे मिळतात म्हणून हे दोन्ही गट एकत्र मोजले, तर येणारी सरासरी धड कुणालाच लागू पडत नाही.

दुसरी, मोजपट्टी. १९६५ चा बार्थेल निर्देशांक घ्या. १०० पैकी चालण्याला १५ गुण. दुसऱ्याच्या मदतीने चालणाऱ्याला १०. चालता येत नाही, पण व्हीलचेअर स्वतः चालवतो, त्याला ५. आता समजा, एका हाताने कृत्रिम पाय चढवता येत नाही म्हणून एखाद्या आजोबांनी व्हीलचेअर पत्करली. घरभर एकटे फिरतात, कुणाला हाक मारत नाहीत. या रकान्यात मात्र ते मुलाच्या खांद्याला धरून चालणाऱ्याच्या मागे! संडास, उठबस यांचे गुण वेगळे मिळतात हे खरं, पण पेपरात फक्त बेरीज छापली की हा फरक दिसतच नाही.

निर्देशांक टाकाऊ नाही. तुम्ही मात्र बेरजेसोबत रकानेही द्या. आणि प्रस्तावात ‘यश’ लिहिण्याआधी रुग्णाला विचारा, त्याला कुठवर पोचायचंय.