गुलामगिरीच्या इतिहासलेखनातील शरणपूर

गुलामगिरीच्या अभ्यासात अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांना जे स्थान लाभले, ते नाशिकच्या शरणपूरला लाभले नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना येथील मिशनमध्ये शिक्षण मिळे. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३-७४ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होते. त्यांनी स्वतःची रोजनिशीही लिहिली. तथापि होरेस वॉलर यांनी १८७४ मध्ये संपादिलेल्या लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या रोजनिशीत हे तरुण वारंवार ‘नासिकची मुले’ या सामूहिक नावानेच येतात. मुक्तांची कथा मुक्तिदात्याची होते, ही या ग्रंथाची मर्यादा होय. म्हणूनच अंबडच्या संशोधक विद्यार्थ्याने वेनराइट यांची रोजनिशी व शरणपूरचा परिसर एकत्रितपणे अभ्यासणे अगत्याचे ठरते.