मत, साक्ष आणि कारण: यवतमाळच्या एका भाषणाची तपासणी

 इथं आपण एरवी एखादा शोधनिबंध घेतो आणि तो साध्या मराठीत उलगडून बघतो. आज निबंधाऐवजी भाषण घेऊ. एखादा नागरिक उभा राहून समाजाबद्दल आपलं मत सांगतो, तेव्हा त्या मताचं संशोधनाच्या दृष्टीनं वजन किती? लोक याची दोनच उत्तरं देतात. एक, ‘ज्यानं भोगलं त्यालाच खरं कळतं.’ दुसरं, ‘एकाच्या मतावर काय ठरतं, आकडे दाखवा.’ ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. का, ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका उदाहरणावर तपासू.

११ ते १३ जानेवारी २०१९ या तीन दिवसांत ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. याआधीचं इथलं संमेलन १९७३चं, गदिमांच्या अध्यक्षतेखालचं. म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी संमेलन गावात येत होतं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाचं उद्घाटन का करते, असा आक्षेप निघाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. पुढं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. अनेक लेखकांनी बहिष्कार टाकला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. आणि उद्घाटनाचा मान दिला गेला कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, आणि श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात काम करणारी बाई.

त्यांचं भाषण गाजलं. पण गाजलं म्हणजे तपासलं गेलं असं नाही. एका बाजूनं ‘डोळ्यांत पाणी आलं’ म्हटलं, दुसऱ्या बाजूनं ‘बिचारीला वापरून घेतलं’ म्हटलं. दोघांनीही बाईकडं पाहिलं. ती काय म्हणते याकडं फार थोड्यांनी पाहिलं. शोकाला टाळ्या देणं सोपं असतं, युक्तिवादाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून आपण तो युक्तिवादच घेऊ.

माझ्या मते त्या भाषणात तीन वेगळ्या जातीची विधानं आहेत. पहिली जात साक्षीची: माझ्या घरात हे घडलं, नवरा गेल्यावर गाव-नातेवाईक माझ्याशी असे वागले. दुसरी जात कारणाची: हे नशिबानं झालं नाही, व्यवस्थेनं केलं. तिसरी जात मूल्याची: म्हणून माझ्याशी असं वागा, मला दया नको. या तिन्हींना एकच फूटपट्टी लावली की गोंधळ होतो.

साक्षीला नमुन्याचा आकार विचारायचा नसतो. ‘माझ्यावर हे बेतलं’ या वाक्याला ‘किती जणांवर बेतलं’ हा प्रश्न लागूच पडत नाही. तिथं एवढंच बघायचं की बोलणारी त्या जागी होती का. येडे होत्या. विषय संपला.

खरी तपासणी दुसऱ्या जातीची. भाषणातला सगळ्यात धारदार भाग इथंच आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवऱ्याचा पुढच्या जन्मावर विश्वास होता, या जन्मी नाही जमलं तर पुढच्या जन्मी अंबानी-अदानी होऊ म्हणून तो गेला, माझा मात्र पुढच्या जन्मावर विश्वास नाही, मला याच जन्मात जगायचं आणि लढायचं आहे. हसू आणणारं आणि हसू गिळायला लावणारं बोलणं आहे हे. पण त्यात एक तर्कही आहे. कारण नशिबात असेल तर करण्यासारखं काही उरत नाही. कारण व्यवस्थेत असेल तर ते शोधता येतं, मोजता येतं, बदलता येतं. ज्या माणसानं कधी संख्याशास्त्राचा तास केला नाही, त्यानं संशोधनाची पहिलीच अट स्टेजवरून सांगून टाकली.

आता प्रश्न असा की ‘व्यवस्था’ हा शब्द फार मोठा आहे. गोणीसारखा. त्यात काय काय भरलंय ते ओतून बघायला हवं. इथं संशोधन मदतीला येतं.

पहिला अभ्यास मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्रा यांचा, २००६ सालचा. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ घरं त्यांनी अभ्यासली. त्यात १०० पैकी जवळपास ८७ घरांत कर्जबाजारीपणा दिसला आणि साधारण ७४ घरांत आर्थिक स्थिती घसरलेली. ८७ आणि ७४ची बेरीज १००च्या वर जाते, हे लक्षात आलं का? म्हणजे एकाच घरात एकापेक्षा जास्त कारणं एकत्र नांदत होती. ‘खरं कारण कोणतं ते एकच सांगा’ हा टीव्हीवरचा आवडता प्रश्न इथंच बाद होतो.

पण थांबा. ‘८७ टक्के घरांवर कर्ज होतं’ एवढ्यावरून कर्ज हे कारण ठरतं का? नाही. समजा एखाद्या गावात सगळ्याच घरांपैकी ९० टक्के घरांवर कर्ज असेल, तर ८७ टक्क्यांत नवल काय? म्हणून तुलनेचा गट लागतो: तसलीच शेती, तसलंच गाव, पण आत्महत्या न झालेली घरं. मिश्रांनी ती तुलना केली. आत्महत्या झालेल्या घरांवरची थकबाकी जास्त निघाली आणि त्यांच्याकडं बैल कमी निघाले. कास्तकाराला हे सांगायची गरज नाही. बैल म्हणजे वेळेवर पेरणी, आणि अडीअडचणीला विकता येईल असा शेवटचा आधार. तो गेला की वावर असूनही माणूस दुसऱ्याच्या बैलजोडीवर आणि सावकारावर अवलंबून राहतो. म्हणजे येडेंचं ‘व्यवस्था’ हे मत हवेतलं नव्हतं. तुलनेच्या कसोटीवर त्याचा निदान एक तुकडा तरी टिकतो.

दुसरा अभ्यास तर थेट लोकांच्या मतांचाच आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डोंगरे आणि देशमुख यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. गावं वर्धा-यवतमाळकडचीच. पद्धत मजेदार आहे. पहिल्या टप्प्यात माणसाला विचारायचं, ‘शेतकरी आत्महत्या का करतात, सुचतील तेवढी कारणं सांगा.’ तो जे जे सांगेल ते त्याच क्रमानं लिहून घ्यायचं. मग एखादं कारण किती जणांनी सांगितलं आणि यादीत किती वर सांगितलं, या दोन्हींवरून त्याचं वजन काढायचं. दहा जणांनी शेवटी सांगितलेलं कारण आणि दहा जणांनी पहिल्या दमात सांगितलेलं कारण सारखं नसतं. दुसऱ्या टप्प्यात ही कारणं चिठ्ठ्यांवर लिहून लोकांना द्यायची आणि सांगायचं, ‘जी एकमेकांसोबत जातात त्यांचे ढीग लावा.’ कोणत्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा एकाच ढिगात पडतात त्यावरून लोकांच्या डोक्यातला नकाशा मिळतो.

लोकांनी काय सांगितलं? कर्ज, व्यसन, निसर्गाचा लहरीपणा, मालाला न मिळणारा भाव, ताण आणि घरच्या जबाबदाऱ्या, सरकारची अनास्था, अपुरं सिंचन, लागवडीचा वाढता खर्च, खासगी सावकार, रासायनिक खतं, नापिकी. ही झाली ती गोणी, ओतलेली.

यादीत ‘व्यसन’ आहे, हे वाचून काही जण सरसावून बसतील. ‘बघा, दारूच!’ पण त्याच तोंडांनी त्याच यादीत भाव आणि सिंचनही सांगितलंय. यादीतला एक शब्द उचलायचा आणि बाकीचे सोडायचे, याला संशोधन वाचणं म्हणत नाहीत. उलट, शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही तो शब्द खोडू नये. स्टेजवरच्या भाषणात जे सहसा येत नाही ते गावकरी आपसात बोलताना येतं, हीच या पद्धतीची ताकद आहे.

मर्यादाही सांगायला हवी. असा अभ्यास लोक काय मानतात ते दाखवतो. प्रत्यक्षात कशामुळं काय घडलं हे तो सिद्ध करत नाही. त्यासाठी मिश्रांसारखी तुलना लागते. आणि नुसती तुलना केली तर काय मोजायचं हेच कळत नाही, ते लोकांच्या मतातून कळतं. एक पद्धत प्रश्न देते, दुसरी तपासते. सुरुवातीच्या दोन उत्तरांतलं एकही एकटं पुरत नाही ते यामुळंच.

आता या सगळ्याचा कागदावर काय उपयोग होतो ते बघा. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. आपल्या जिल्ह्यात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. लोकांच्या यादीतल्या अकरा गोष्टींपैकी या कागदात किती मावतात, तुम्हीच मोजा. नातेवाइकाकडून घेतलेलं हातउसनं मावत नाही. विनापरवाना सावकार मावत नाही. लागवडीचा खर्च मावत नाही. दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करणाऱ्याची नोंद कुठं शोधायची? आणि वावरात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईनं जीव दिला, तर ती ‘शेतकरी’ म्हणून मोजली जाईलच याची खात्री नाही. एका नागरिकाचं ‘व्यवस्था’ हे मत आणि सरकारी रकाना यांच्यातलं हे अंतर आहे. ज्या घराचं प्रकरण त्या अंतरात पडतं, त्याला रुपयाही मिळत नाही.

इतकं मान्य करून आता भाषणावरचा माझा आक्षेप. संमेलनातल्या वादाचा संदर्भ घेत येडे म्हणाल्या त्याचा आशय असा होता की अडचणीला दिल्लीची नव्हे, गल्लीतली बाईच कामाला येते. टाळी पडली. वाक्य झणझणीत आहे, पण माझ्या मते भाषणातलं सगळ्यात कमजोर तेच आहे. दिल्लीची बाई अडचणीला आली नाही असं नव्हतं, तिला येऊ दिलं नव्हतं. सहगल यांनी २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला, तोही एका नागरिकाचं समाजाबद्दलचं मत म्हणूनच. म्हणजे दोन नागरिक, दोन मतं, दोघींचाही रोख सत्तेकडं. आयोजकांनी एकीला वगळलं आणि दुसरीला तिच्या जागी उभं केलं. त्या एका वाक्यानं ही आयोजकांची अडचण दोन बायांमधली तुलना होऊन बसली. संशोधनात याला चुकीचा तुलना-गट म्हणता येईल. येडेंच्या बोलण्याची तुलना करायचीच तर ती त्या कागदावरच्या रकान्यांशी व्हायला हवी होती. सहगल यांच्याशी करण्याचं काही कारण नव्हतं.

पण बहिष्कार टाकणाऱ्यांपैकी जे म्हणाले की ‘तिला वापरलं’, त्यांनाही एक विचारावंसं वाटतं. वापरलं गेलेलं माणूस खरं बोलूच शकत नाही का? बोलावणाऱ्याचा हेतू आणि बोलणाऱ्याचं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निधी कोणी दिला हे बघून आपण शोधनिबंध सावधपणे वाचतो, पण वाचतोच ना? पुढं त्याच वर्षी येडे प्रहारतर्फे यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघातून उभ्या राहिल्या. जागा भावना गवळींनी जिंकली. निकाल काहीही असो, आपलं मत मतपेटीपर्यंत नेणारीला ‘बिचारी’ म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नागरिक, मग तो ग्रामसभेत असो, एसटीत असो की स्टेजवर, समाजाबद्दल काही ठणकावून सांगेल, तेव्हा तीन प्रश्न हाताशी ठेवा. हा स्वतःवर बेतलेलं सांगतोय का? तसं असेल तर ऐका, आकडे मागू नका. हा कारण सांगतोय का? मग तुलना मागा, आणि ती मागताना स्वतःही थोडी मेहनत घ्या. हा काय व्हायला हवं ते सांगतोय का? मग आकड्यांमागं लपू नका, तुमचं उत्तर द्या. येडेंच्या भाषणातल्या तिसऱ्या जातीच्या विधानाला, दया नको याच जन्मात जगू द्या या मागणीला, कोणताही शोधनिबंध उत्तर देऊ शकत नाही. ते काम तुमचं-माझं आहे.