दारिद्र्याचे मोजमाप : दांडेकर-रथ यांची रेषा आणि जागतिक बँकेची रेषा

वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दररोज दरडोई २,२५० उष्मांकांचा आहार ज्या खर्च-पातळीवर मिळू शकतो, ती पातळी त्यांनी दारिद्र्यरेषा मानली. त्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. पुढील चर्चा बहुतांशी या टक्केवारीभोवतीच फिरत राहिली. वस्तुतः ग्रंथाचा खरा रोख उपायांवर आहे. जमिनीच्या फेरवाटपाने सर्वांना आधार मिळणे अशक्य, म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा आणि त्याचा भार संपन्न वर्गाने उचलावा, असे लेखकद्वयाने सुचविले. मोजमापाचा हिशेब कोणाच्या खिशाशी येऊन थांबतो, हे त्यांनी झाकून ठेवले नाही.

पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की उष्मांकांची गरज व्यक्तिपरत्वे, किंबहुना एकाच व्यक्तीच्या बाबतीतही दिवसागणिक बदलते. सरासरीखालील प्रत्येकास कुपोषित ठरविल्यास संख्या फुगते. कुपोषणाच्या मोजणीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु दारिद्र्य म्हणजे कुपोषण नव्हे.

जागतिक बँकेच्या रेषेची जातकुळी निराळी. १९९० मधील ‘दिवसाला एक डॉलर’ ही रेषा काही गरीब देशांच्या राष्ट्रीय रेषांवरून बेतलेली होती. तिच्या मुळाशी एखादा ठरावीक आहार नाही, त्या त्या देशांचे निकष आहेत. जून २०२५ मध्ये ती २.१५ वरून ३ डॉलरवर (क्रयशक्ती-समतेनुसार) नेण्यात आली. परिणामी २०२२ या वर्षाची अतिदरिद्री लोकसंख्या सुमारे ७१ कोटींऐवजी ८४ कोटी मानली गेली. कोणाच्याही ताटात यामुळे फरक पडला नव्हता. भारताच्या नव्या उपभोग-खर्च पाहणीमुळे येथील संख्या घटली नसती, तर ही वाढ याहूनही मोठी दिसली असती. देशादेशांच्या तुलनेस अशी रेषा उपयुक्त आहे, हे मान्यच. मात्र खर्च कोणी सोसावा, याविषयी ती मौन पाळते.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने तर रेषेलाच बगल दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या व १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप लाभलेल्या या योजनेत गरिबीचा दाखला नको होता. अल्प मजुरीवर कष्टाचे काम मागणे हाच पुरावा होता. याउलट १९९७ च्या लक्ष्यनिर्धारित शिधावाटपाने रेषा थेट घराघरांत नेली. महाराष्ट्रात ती शिधापत्रिकेच्या पिवळ्या रंगात उतरली, आणि रेषेच्या किंचित वर असलेल्या कुटुंबास केशरी पत्रिका हाती घेऊन दुकानातून परतावे लागले.