‘माझी जन्मठेप’ हे साधन म्हणून कसं वाचायचं?

अंदमानवर संशोधन आराखडा लिहायचा म्हटलं, की मराठी विद्यार्थी पहिल्यांदा वि. दा. सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ उघडतो. त्यात गैर काहीच नाही. पण बऱ्याचदा वाचन तिथेच थांबतं, आणि एका कैद्याचा अनुभव हाच सगळ्या बेटांचा इतिहास होऊन बसतो. म्हणून आज या पुस्तकाकडे साहित्य म्हणून नाही, तर साधन म्हणून बघू. त्याला कोणते प्रश्न विचारता येतात आणि कोणते नाहीत?

आधी त्याचं बळ. सावरकर ‘महाराजा’ बोटीने ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला पोचले. कोलूला जुंपून रोज तीस पौंड तेल काढणं, जेलर बारीचा दरारा, कैद्यांनी एकमेकांपर्यंत निरोप पोचवण्याच्या युक्त्या, हे सगळं आतून दिसतं. सरकारी अहवालात ‘सक्तमजुरी’ एवढा एक शब्द असतो. त्या शब्दाखाली माणसाचं काय होतं, हे असं पुस्तकच सांगतं.

आता मर्यादा. पहिली मर्यादा लेखनाच्या काळाची. सावरकर १९२१ मध्ये अंदमानातून परत आले. १९२४ पासून ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि राजकारणात भाग घ्यायला त्यांना बंदी होती. पुस्तक १९२७ चं. म्हणजे हा मजकूर घटनेनंतर, सरकारची नजर असताना, मराठी वाचकासाठी लिहिलेला आहे. त्यांचा १९१३ चा अर्ज मात्र सरकारसाठी लिहिलेला आहे. एक कागद घेऊन दुसरा खोटा पाडणं सोपं असतं, वादात ते रोज चालतं. संशोधकाने आधी विचारायचं, की कोणता कागद कोणासाठी आणि कशासाठी लिहिला? बारींद्रकुमार घोष आणि उपेंद्रनाथ बंदोपाध्याय हेही याच तुरुंगात होते, आणि त्यांच्याही आठवणी छापलेल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर कोणती गोष्ट तिघांच्या अनुभवात येते आणि कोणती फक्त एकाच्या, हे कळतं.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. कैद्यांची वसाहत सुरू झाली मार्च १८५८ मध्ये. सेल्युलर जेल बांधून झालं १९०६ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षं आपल्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. बरं, १९०१ च्या सुमारास वसाहतीत जवळपास बारा हजार कैदी होते, आणि या जेलच्या कोठड्या सुमारे सातशे. हिशेब कसा जुळतो? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नियमानुसार, सामान्य जन्मठेपेचा कैदी पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये राही. मग दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात, त्यानंतर बाहेर टोळीत मजुरी. वागणूक चांगली असेल, तर दहा वर्षांनी त्याला शेती किंवा धंदा करून राहायची मुभा मिळे. वर्षानुवर्षं कोठडीत ठेवलं गेलेले राजकीय कैदी हा अपवाद होता. आपण त्या अपवादालाच नियम समजून बसलो.

टोळीतले कैदी करत काय? मुख्य म्हणजे जंगल तोडत. ते जंगल रिकामं नव्हतं. तिथल्या मूळ अंदमानी लोकांनी १७ मे १८५९ रोजी अ‍ॅबर्डीनच्या वस्तीवर हल्ला केला. त्यांच्यात वर्षभर राहून परत आलेल्या दूधनाथ तिवारी या कैद्याने इंग्रजांना आधीच सावध केलं होतं. इथे जुलूम सोसणारा कैदी दुसऱ्याच्या जंगलात घुसलेलाही आहे. तुरुंगाच्या भिंतीआडून ही बाजू दिसणं कठीण. त्यासाठी सतद्रू सेन आणि क्लेअर अँडरसन यांचं काम वाचायला हवं.

गडचांदूर, राजुरा, चंद्रपूरकडच्या विद्यार्थ्यांना हे दूरचं वाटेल. पण वसाहत सुरू झाली त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव, बस्तरात निसटले, १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. एकाच काळातल्या या दोन जन्मठेपा नाहीत, पण शब्द तोच आहे. एकीवर पुस्तक आहे, दुसरीवर कागदाचे तुकडे. अशा माणसावर काम करायचं, तर निकालपत्रात तुरुंगवास म्हटलंय की काळं पाणी, इथपासून सुरुवात करायची. १८६१ च्या आधीचा चांदा नागपूर प्रांतात होता, मध्य प्रांतात नव्हे, हे लक्षात ठेवून दप्तर मागायचं. पुढे तुरुंगाची नोंदवही, आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली गृहखात्याची पोर्ट ब्लेअरची कागदपत्रं.

काम किचकट आहे, आणि हाती येईल ते तीन ओळींचंही असेल. पण ज्याने आठवणी लिहिल्या त्याचाच इतिहास होतो, ही सवय मोडायची तर त्या तीन ओळींना किंमत द्यावी लागते. ‘माझी जन्मठेप’ जरूर वाचा. फक्त आराखड्यात ‘अंदमानातील कैदी’ असा शब्द लिहिलात, की समासात विचारा: यातला नेमका कोणता कैदी, आणि कोणत्या सालातला?